सोनेरी कार्डावरचं धोंडेजेवण

प्रिय स्वप्नाली,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. बाकी खुशाली वगैरे नंतर, कारण आज मी रागात आहे आणि राग शिळा व्हायच्या आत लिहून काढते आहे.

हे पत्र पोस्टात टाकायचं म्हणून पाकीटसुद्धा आणून ठेवलं होतं. पत्ता विचारला तर तू म्हणालीस, आई, आजकाल पत्र कोण पाठवतं, फोटो काढून मोबाईलवर टाक. फोनवरच बोलावं म्हटलं, तर तू 'हो गं', 'मस्त गं', 'मजेत गं' एवढ्यात आईला गुंडाळून ठेवतेस, आणि मागून जावईबापूंचा, उत्तरेश्वररावांचा, 'नमस्कार मामी' आला की माझं तोंड बंद. म्हणून पानं लिहून त्यांचे फोटो पाठवते आहे. क्रमानं वाच आणि अर्ध्यात सोडू नकोस.

पहिला राग धोंड्याचा. अधिक महिना तीन वर्षांनी येतो. त्या महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मीनारायण समजून घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारसे आणि दिवा वाण द्यायचं, हे तुला मी नव्यानं सांगायला नको. चैत्रापासून सांगत होते, तारीख कळवा, अनारशाचे तांदूळ भिजवायचे आहेत. तर तुमचा निरोप काय, की धोंडे हाटेलात करू, तुम्हीच पुण्याला या. सगळ्या मुलखात सासू जावयाला बोलावते, आपल्यात जावयानं सासूला बोलावलं. शेजारच्या विमलबाईंनी भिंतीवरून ऐकलं आणि म्हणाल्या, "अंजनाबाई, तुमचा जावई लई पुढं गेला. उद्या डोहाळजेवणाला तुम्हालाच बसवंल." मी हसले, पण पोळी करपली ती करपलीच.

तुझ्या अण्णांना मात्र आनंद मावेना. "उगं तोंड वाकडं करू नको," मला म्हणाले, "पोरगं मानानं बोलावतंय." पेंडीच्या दुकानाला कुलूप लावलं, लग्नातलं जाकीट काढलं. मांजरसुंब्याला गाडीत बसलो तेव्हा मांडीवर अनारशाचा डबा, पायाशी दशम्यांचं गाठोडं, आणि जामखेडच्या पुढं खिडकीतून नुसती भट्टीची हवा. अण्णांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, जावई सोनेरी कार्डवाला आहे. त्यानं विचारलं, रेशनचं का. मग अण्णा पुण्यापर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

त्या हाटेलाचं काय सांगू. दारातल्या फेटेवाल्यानं सलाम केला, तर अण्णांनी त्याला उलटा सलाम केला आणि गाव विचारलं. गार सरबत आलं, ते गवती चहाचं निघालं. आपल्या परसात गवती चहा शेळ्या खातात. तुम्ही दोघं आधीच येऊन बसला होता, आणि दोन दिवसांच्या मुक्कामाला तुमच्या चार मोठ्या बॅगा. हमालाची गाडी भरून गेली. मी तुला लहानपणापासून एका पिशवीत प्रवास करायला शिकवलं, ते सगळं वाया गेलं असं तेव्हा मनात आलं.

मग उत्तरेश्वररावांनी कार्डाचं समजावून सांगितलं. कंपनीच्या फिरतीत या हाटेलाच्या कुठल्याही गावच्या शाखेत जितक्या रात्री झोपावं तितके पॉइंट मिळतात, साठले की त्यांवर खोली फुकट मिळते, पॉइंट वाढले की कार्डाचा रंग वाढतो, आणि रंग वाढला की खोली मोठी, नाश्ता फुकट, निघायची वेळ उशिराची, आणि वरच्या मजल्यावर एक बैठक असते, तिथं संध्याकाळी कार्डवाल्यांनीच जाऊन खायचं. मला ते लगेच कळलं. आपल्या पेंडीच्या पोत्यात कुपन निघतं, कुपनं साठली की कंपनी बादली देते, फार साठली की भिंतीवरचं घड्याळ. फरक एवढाच की पेंड म्हशीच्या पोटात जाते आणि म्हैस दूध देते. माणूस घर सोडून परक्या गादीवर झोपला म्हणून त्याला बक्षीस देण्यासारखं काय आहे, हे मला अजून उमगलेलं नाही. पण ते इतक्या हौसेनं सांगत होते की मी मान डोलावली.

दुसरा राग दिव्याचा. अधिक महिन्यात रोज तुपाचा दिवा लावते हे तुला माहीत आहे. तिथंही खिडकीशी पाट नाही म्हणून स्टुलावर रुमाल घालून निरांजन लावलं, पोथी उघडली, तर छतातून काहीतरी किंचाळायला लागलं. अण्णा न्हाणीघरातून टॉवेलवर बाहेर आले. दारात तीन माणसं आणि एक सुटाबुटातला मॅनेजर. मला वाटलं आता दंड. मी पदर खोचून उभी राहिले, भांडायची तयारी ठेवून. तर तोच हात जोडून माफी मागायला लागला, की तुमच्या पूजेत व्यत्यय आला, आणि जावयाचं कार्ड बघून आम्हाला त्याहून मोठ्या खोलीत नेलं. स्वप्नाली, चूक माझी आणि मोठी खोलीही मलाच. आपल्या दुकानात गिऱ्हाइकानं कडब्याशेजारी बिडी पेटवली तर अण्णा त्याला काय जास्तीचं पोतं देतात? त्या खोलीत दोन न्हाणीघरं होती. दोन म्हातारी माणसं दोन न्हाणीघरांत एकाच वेळी जाऊन करणार काय? मी छोटी खोली परत मागितली, म्हटलं कमी जागेत आम्ही सुखी आहोत. तो म्हणाला, मॅडम, खाली जाता येत नाही, फक्त वर जाता येतं. असल्या जागेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील कसं.

नाश्त्याचं तर बोलूच नये, पण बोलते. लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खाऊ नये, हे माझ्या आईनं पाळलं, मी पाळते. अण्णांचा युक्तिवाद असा, की हाटील काय लेकीचं घर हाय का. माझं म्हणणं, हाटेल कुणाचंही असो, फुकट मिळालं ते जावयाच्या कार्डावर, म्हणजे ते जावयाचंच. आमच्यापुरते पैसे देते म्हटलं तर तिथल्या मुलीला ते घेताच येईनात. शेवटी अण्णांनी दोन वेळा ताट भरलं आणि मी त्या पांढऱ्या चादरीच्या टेबलावर दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढून बसले. तू खाली मान घालून म्हणालीस, "आई, लोक बघतायत." बघू देत. मी चोरी करत नव्हते. त्यांच्या मुख्य आचाऱ्याला वाटलं, सोनेरी कार्डवाल्याची सासू रुसली. दुपारी खोलीत केक आला, वर इंग्रजीत 'सॉरी' लिहिलेला. तोही अंड्याचा. तोही अण्णांनीच... नाही, अण्णांनी नाही खाल्ला, अधिक महिना आहे. झाडणाऱ्या बाईला दिला.

एक मात्र बरं वाटलं. नाश्त्याच्या टेबलावरच्या लोण्याच्या आणि मुरंब्याच्या चिमुकल्या डब्या तू रुमालात बांधून घेतल्यास. वाटलं, चला, पोरीनं माझं काहीतरी उचललं.

आणि शेवटी ते धोंडेजेवण. मी घरून पुरण नेलं, तर हाटेलच्या माणसानं ते पांढऱ्या मोठ्या ताटात मधोमध चिमूटभर ठेवून आणलं, वर पुदिन्याचं पान खोचलं. तुम्हा दोघांना सोफ्यावर बसवलं. ओवाळायला निरांजन घेतलं तर मॅनेजर पळत आला आणि त्यानं बॅटरीचा दिवा हातात दिला. मी जावयाला बॅटरीच्या दिव्यानं ओवाळलं. देवाला काय वाटलं असेल ते देवाला ठाऊक, मला तर फार वाईट वाटलं. तेव्हा हे धोंडे झाले असं मी धरत नाही. वाण पोहोचलं नाही. जावईबापूंना माझा हा निरोप सांग, की मामी रुसल्या आहेत आणि अधिक महिना संपायच्या आत मांजरसुंब्याला येऊन, माझ्या हातचं, माझ्या ओट्यावर बसून जेवल्याशिवाय त्यांच्याशी बोलणार नाहीत. त्यांना कामं असतील. सगळ्यांनाच असतात.

इथपर्यंतची पानं त्यांना वाचायला दे. मोठ्यानं वाचून दाखव, हसू दे त्यांना. हे पुढचं पान तुझं एकटीचं आहे. वाच आणि फोटो पुसून टाक.

दुसऱ्या दिवशी तू खाली गेली होतीस तेव्हा मी तुमच्या खोलीत कंगवा शोधत होते. तुझी बॅग उघडी होती. वरच्या साडीखाली कुकर होता. कुकरच्या पोटात लाटणं, मसाल्याचा डबा, आणि टॉवेलात गुंडाळलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. तुझ्या लग्नात मी दिलेले देव. दोन दिवसांच्या मुक्कामाला कुणी देव घेऊन निघत नाही, बाई. देव तर माणूस घर सोडतानाच सोबत घेतो. बाळकृष्णाच्या कपाळावरचं गंधसुद्धा वाळून गेलेलं होतं. मी तिथंच, त्या सोन्याच्या नळाच्या पाण्यानं दोघांना आंघोळ घातली, साखरेची पुडी होती चहाच्या ट्रेमध्ये, तिचा नैवेद्य दाखवला, आणि जसे होते तसे परत गुंडाळून ठेवले. तुला कळलं नाही.

निघताना काउंटरवरची मुलगी त्यांना म्हणाली, सर, दिवाळीनंतर आमच्या कुठल्याच शाखेत आला नव्हतात, कार्ड या महिनाअखेरीला खाली जाईल. एवढं हिंदी मला येतं. ते हसून म्हणाले, काम वाढलंय. दर आठवड्याला कंपनीच्या कामासाठी गावोगावी त्यांच्या हाटेलांत झोपणारा माणूस दिवाळीपासून कुठंच गेला नाही. दुकानात माल खपत असतो तोवर कुपनं कुणी मोजत नाही, पोती यायची थांबली की मगच डब्यातली कुपनं बाहेर निघतात. मी एवढी वर्षं दुकान बघते आहे. त्यांनी शिल्लक होते ते सगळे पॉइंट आमच्यावर उधळले, घर दाखवता येत नव्हतं म्हणून महाल दाखवला. त्या माणसाचा मला राग येत नाही. तुझा येतो. त्यांनी शपथ घातली असेल, तू पाळलीस, पण आईला डोळे आहेत हे विसरलीस.

आता कुठं राहता ते विचारत नाही. सारजाविहिणींना सांगणार नाही, त्या थोरल्या लेकाच्या दोन खोल्यांत कशा राहतात ते मला माहीत आहे. अण्णांना सांगितलेलं नाही. त्यांनी बाजारात त्या हाटेलाचं इतकं सांगितलंय की ते खोटं पडलेलं त्यांना सोसायचं नाही. उत्तरेश्वररावांनी सांगितलं तर सांगू देत, त्यांची इच्छा. मी फक्त एवढं जाणते, की एरवी जावई सासरी येऊन राहिला तर गाव दहा तोंडांनी बोलतं, पण अधिक महिन्यात आलेल्या जावयाला का आलास म्हणून कुणी विचारत नाही. उलट आला नाही तरच विचारतात. तीन वर्षांत एकदा ही सोय देवानं केली आहे, ती वाया घालवू नका. विमलबाईंना मी आधीच सांगून ठेवलंय, की जावईबापूंना घरून काम करायची मुभा मिळाली आहे, दिवसभर कॉम्प्युटर लावून बसतील, हाका मारू नका. माडीवरची खोली सारवून, पंखा बसवून घेतला आहे. तिथं दार लावून त्यांनी नवी नोकरी शोधावी. महिना संपल्यावर काय, ते महिना संपल्यावर बघू.

बुधवारी पुरण घालते आहे. अण्णा स्टँडवर येतील. सगळ्या बॅगा आणा, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला मी आहे. देव मात्र बॅगेत घालू नकोस. मांडीवर घेऊन ये.

तुझीच,
आई