तीन बोटं

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ७ वाजून १० मिनिटं.
आरशासमोर उभा आहे, तोंडात बोटं घालून बघितली. उभी दोन बोटं जातात. तिसरं नखाएवढंही जात नाही. रात्रपाळी करून घरी आलो आणि पहिलं काम हे!

रात्री कंपनीत नोटीस लागली. औषधांच्या पॅकिंगमधली चार कंत्राटी पोरं कायम होणार. माझं नाव दुसरं. साडेतीन वर्षं वाट बघितली! पण २८ तारखेला मेडिकल, आणि त्यात तोंड तपासणार. बाहेरून आलेल्या साहेबांना कपडे बदलायच्या खोलीत माव्याची पिंक दिसली, तेव्हापासूनचा हा नियम. दातांमध्ये उभी तीन बोटं मावली पाहिजेत. नाहीतर नाव खोडणार.

ती पिंक माझी नव्हती. मी कागदात थुंकतो.

५ मार्च
सोनलचा पेपर चांगला गेला म्हणून तिला पाणीपुरी खायला नेलं. मी पुरी फोडून तुकडे खाल्ले. पाणी कोपरापर्यंत गेलं. "दादा, काय रे हे! बाळाला भरवतात तसं?" मी म्हटलं, तिखट आहे. खोटं नव्हतं – हल्ली नुसत्या आमटीनेही तोंडाची आग होते.

बहिणीला काय सांगणार!

७ मार्च
ठाण्याला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी बॅटरी मारून बघितलं.
"किती वर्षं खातोस?"
"साडेतीन."
"दिवसाला किती?"
"दिवसा नाही खात. रात्रपाळीला तीन-चार पुड्या."
"का?"
"दिवसा झोप येत नाही, मॅडम."
त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मावा बंद. उद्यापासून नाही, आत्तापासून. गेलेलं सगळं परत येणार नाही. पण व्यायाम केलास तर थोडं उघडेल." आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या. हळूहळू एकेक वाढवायची. गोळ्याही बाहेरून घ्यायला लिहून दिल्या.

येताना खिशातली पुडी गटारात टाकली.

मला हे शिकवलं कोणी? जगनदादांनी. आमचे सुपरवायझर. कामाच्या पहिल्याच आठवड्यात पहाटे मी पेंगत होतो. "बार भर, संद्या. मशीन झोपत नाही. तू झोपलास तर बोट जाईल." महिनाभर स्वतःच्या पुडीतला दिला. पैसे घेतले नाहीत. तेव्हा किती चांगला माणूस वाटला होता!

१० मार्च
डोकं ठणकतं. कंपनीच्या गेटसमोर बाबुरावांची टपरी. मान खाली घालून पुढे गेलो तर मागून हाक – "संदेशराव, तुमचा बांधून ठेवलाय!" थांबलो नाही.

पहाटे जगनदादांनी पुडी पुढे केली. मी हात जोडले. "काय रे, माळ घातलीस का?" सगळी पोरं हसली. माझ्याच पाळीतला मितेश जास्तच.

माझं काम खोक्यांवरची छपाई बघायचं. बॅच नंबर, तारीख, मुदत. दहावी नापास असलो तरी छापलेली चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. पण नजर उघडी तर राहिली पाहिजे!

१३ मार्च
सोळा काड्या. सुरुवात चौदावर होती. आई म्हणते, कुल्फीवाल्याच्या गाडीखालून काय वेचत असतोस? लोक बघतात.

१८ मार्च
अठरा! तिसरं बोट पहिल्या पेरापर्यंत जातं. दुखतं, पण जातं.

जगनदादांकडे दिवसपाळी मागितली. "मेडिकल होईपर्यंतच, दादा." म्हणाले, "दिवसपाळी कायम लोकांना. तू आधी कायम हो."

२० मार्च
गेलं.

पहाटे डोळा लागला. उभ्या उभ्या, हात टेबलावर. तेवढ्यात छपाईची रिबन संपली. खोकी कोरी जात राहिली – ना तारीख, ना मुदत. जगनदादांनी खांदा हलवला तेव्हा पट्ट्यावर सगळी कोरीच. त्यांनी रिपोर्ट लिहिला, 'कामगार झोपलेला आढळला.' मला वाचायला दिला, सही कर म्हणाले. एकही अक्षर चुकीचं नव्हतं. सही केली.

सकाळी कंत्राटदाराच्या माणसाने कार्ड काढून घेतलं. गेटपर्यंत जगनदादा सोबत आले. "किती वेळा सांगितलं तुला, एक बार लाव. शहाणपणा नडला तुला." आवाजात राग नव्हता. त्याचंच जास्त लागलं.

२२ मार्च
आमच्या मोहने गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. आईला कोणीतरी सांगितलं, माव्यामुळे काढला. ती भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बाबांचं काम कंपनी बंद पडली म्हणून गेलं. तुझं तू चघळून घालवलंस."

आई, खात होतो तोवर काम होतं गं. सोडला म्हणून गेलं.
हे फक्त वहीत लिहितो. मीच दुसऱ्या कोणाचं ऐकून घेतलं नसतं.

२८ मार्च
आज मेडिकल होतं. मितेश कायम झाला. तो जगनदादांचा भाचा. मावा तोही खातो, पण त्याला दीडच वर्ष झालंय, तोंड अजून उघडतं. त्याचा फोन – "भाई, कसलं काय! आ कर म्हणाले, बोटं घातली, संपलं. पेढे आणतो हां!"
आणू नको म्हटलं.

३० मार्च. पाडवा.
आईने कडुनिंब आणि गुळाची गोळी हातावर ठेवली. "नीट चावून खा." इतक्या दिवसांनी तोंडात चघळायला काही आलं. बराच वेळ चघळत बसलो.

२ एप्रिल
माजिवड्याला एका टॉवरवर वॉचमन हवा होता. आधीचं काम का सोडलं? खरं सांगितलं. तो माणूस पोट धरून हसला. "झोपला म्हणून काढलेला, आणि रात्रीच्या ड्यूटीला आलास?"

७ एप्रिल, सोमवार
बाबुरावांच्या टपरीवर पहिला दिवस. दुसरीकडे कुठे मिळालं नाही. "मावा घोटायला तुझ्यासारखा हात नाही कोणाचा," म्हणाले. सुपारी, तंबाखू, चुना. मी तोंडाला लावत नाही.

रात्रपाळीच्या आधी जगनदादा आले. म्हणाले, "चार बांध. लिहून ठेव. तुझ्या जागेवर नवीन पोरगं आलंय, पेंगतं."
बांधून दिले. नीट घोटून.

आजचा खर्च – चहा १० रुपये. मावा शून्य.
देणं – सोनलचे ३००, दवाखान्याच्या गोळ्यांसाठी घेतलेले.
येणं – जगनदादा, चार मावे, ८० रुपये. त्यातला एक माझ्या जागेवरच्या पोराचा.