खिशातला कंगवा

ॲरिझोना, रविवार

प्रिय बाबा,

काल क्लबची गोल्फस्पर्धा मी जिंकले. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही शेवटची ओळ आधी वाचाल.

शेवटच्या होलचा पहिला टोला डोंगरकड्यावरून, खोल घळीपलीकडे मारायचा असतो. खाली तांबडं वाळवंट असं पसरलेलं, की बघतच राहावं. सगळ्या जणी बिचकून बाजूने मारतात. मी सरळ मारला. चेंडू पार गेला, पण निवडुंगाच्या कडेला पडला. तिथे शिरले, तर एक काटेरी बोंड पोटरीला चिकटलं. ते हाताने उपटायला गेलं की बोटंही अडकतात, म्हणून इथे प्रत्येकीच्या बॅगेत कंगवा असतो.

माझ्याबरोबर खेळणारी डोलोरेस ओरडली, "अगं बाई, हात लावू नकोस! कंगवा कुठाय तुझा?"

"घरी राहिला!"

"चार वर्षं काय शिकलीस गं इथे?"

मग आठवलं, खिशात तुमचा होता. गेल्या महिन्यात 'मला टकल्याला आता काय करायचाय' म्हणून हसत दिलेला. त्यानेच बोंड उडवलं आणि दोन फटक्यांत खेळ संपवला.

केमोनंतर अजून मळमळतं का? आई वेळेवर जेवते ना?

कंगव्याचा एक दात तुटलाय. तरी केस उगवायला लागले की लगेच कळवा. पोस्टाने नाही पाठवणार, स्वतः घेऊन येणार.

तुमची हट्टी,
कॉरिन