रोहितने सांगितलेली थंडी

कळमेश्वर,
१७ फेब्रुवारी

चि. रोहित,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा तसाच. तिकडे परदेशात बर्फ असेलच, तुझ्या अभ्यासापुरता तरी.

फोनवर बाबा शेजारीच बसतात, म्हणून कागदावर लिहिते आहे.

नोव्हेंबरात तू त्यांना समजावलंस, की उत्तर ध्रुवावरचा समुद्री बर्फ घटला की तिथलं कोंडलेलं गार वारं खाली उतरतं, त्यात यंदा पॅसिफिक महासागरही थंड, म्हणजे जानेवारीत कडाक्याच्या थंडीची शक्यता. त्यातलं ‘शक्यता’ बाबांनी ऐकलंच नाही. पोराने सांगितलं, त्यांना पुरलं. कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यांनाही बाबा ध्रुव समजावत बसले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात नेहमीप्रमाणे बहरासाठी संत्र्याला ताण दिला, पाणी तोडलं; थंडीत ताण बसला की फुलं भरघोस येतात. पानं मलूल झाली की पाणी सोडायचं, हे गावाला त्यांनीच शिकवलेलं. पानं मलूल झाली. मी म्हटलं, सोडा आता. तर म्हणाले, "थांब वं शामला, थंडी येऊन राहिली. रोहितनं सांगतलं हाय." जानेवारीभर ढग. आम्ही पंखे लावून झोपलो. पानं गळाली, फांद्या वाळल्या. शेवटी पाणी सोडलं तेव्हा झाडं घेईनात.

मग तुझा मेसेज आला. समुद्राच्या तापमानाचं चक्र मध्येच फिरलं, बर्फाचा परिणाम दबला, तसाही हा संबंध अजून पक्का सिद्ध झालेला नाही. छान समजावून लिहिलं होतंस. बाग कशी आहे, ते विचारलं नाहीस.

बाग परवा तोडली.

शेजारचे विश्वनाथकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "काहून गा रामाजी, तुह्या पोरानं तं थंडी सांगतली होती?" बाबा म्हणाले, "त्यानं बरोबरच सांगतलं. मलेच समजलं नाही. म्हातारा झालो मी." ज्यांना विचारून गाव पाणी सोडायचं, ते हे बोलले. आता त्यांना विचारायला कोणी येत नाही. तुझ्या शब्दाला मात्र त्यांनी धक्का लागू दिला नाही.

तुला कळवायचं नाही, अशी ताकीद आहे. "तिकडं एकटा हाय तो, त्याले कायले सांगतं?"

मला तुझा फार राग आहे, रोहित. रविवारी फोन करशील तेव्हा ते पुढच्या वर्षीच्या थंडीचं विचारतील. बाग नाही, तरी विचारतील. तेव्हा बर्फाचं काही सांगू नकोस. चूक माझी होती, एवढं म्हण. ते मानणार नाहीत. तरी म्हण.

त्यांच्या शेजारी बसून ऐकणारी,
शामलाताई