मामा गाडीत आहे

५ डिसेंबर
भाची निशिगंधाचं नऊ तारखेला नागपुरात लग्न. मी सख्खा मामा. मामाने हात धरून आणल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. जबाबदारी मोठी. मेव्हणा जोतीराम शिवाजी पेठेतून मुद्दाम आला. "दाजी, मोटारीत जागा हाय की. आठ तारखेला सकाळी निघू, मिळूनच जाऊया." नको म्हणालो. रेल्वे म्हणजे शिस्त. मोटार पंक्चर होते, रूळ पंक्चर होत नाहीत. हे वाक्य तिथल्या तिथे सुचलं. बायको, संयोगिता, काही बोलली नाही. पटलं असावं.

७ डिसेंबर, दुपार
कोल्हापूर स्टेशन. गाडी तासभर उशिरा सुटली. बरंच झालं, भडंग घ्यायला वेळ मिळाला. असला उशीर पुढे भरून निघतो. समोर गडमुडशिंगीच्या चिमणाबाई, वर्ध्याला लेकीकडे निघाल्यात. त्यांनाही समजावून सांगितलं. उद्या संध्याकाळी हळदीला हजर.

८ डिसेंबर, सकाळ
मनमाडच्या अलीकडे एका लहान स्टेशनात उभे. पहाटेपासून. पुढे मालगाडी घसरली म्हणे. चिमणाबाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणालता न्हवं, उशीर भरून निघतो?" त्यासाठी आधी उशीर पुरेसा साठावा लागतो, असं सांगितलं. त्यांनी तोंड फिरवून भाकरी सोडली.
नागपूरहून आक्काचा फोन. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निशिगंधाची आई. कुठवर आलास? जवळजवळ पोचलोच, म्हणालो. अर्धा रस्ता मागे पडलाय, म्हणजे खोटं नाही.

८ डिसेंबर, दुपार
वरच्या बर्थवर जरा पडलो होतो. उठलो तर संयोगिता नाही. पाणी भरायला गेली असेल. बॅग घेऊन का गेली, ते कळेना. चिमणाबाईंनी खुलासा केला, "मोटार आल्ती. बाई गेल्या."
फोन लावला. जोतीरामला तिनेच स्टेशनावर बोलावून घेतलेलं. मला उठवलं का नाही? म्हणाली, "उठवलं की. दोनदा. सिग्नल मिळतोच आहे म्हणालात आणि कूस बदललीत." मला असलं काही आठवत नाही. हायवेच्या फाट्यावर थांबतो, रिक्षा करून या, म्हणाली. नको म्हणालो. बायको आणि मेव्हणा, दोघं एकाच दिवशी फिरले, आता त्यांच्या मोटारीत बसू?
फोन ठेवला आणि गाडी हलली. सगळ्या डब्याला सांगितलं, बघा. प्लॅटफॉर्म संपायच्या आत थांबली.

९ डिसेंबर, सकाळ
अकोला आत्ता गेलं. मुहूर्त पावणेबाराचा. पण मामाशिवाय लग्न लागतच नाही, त्यामुळे घाई नाही. डबा निम्मा रिकामा. लोक भुसावळला उतरून बसने गेले. माणसांत धीरच उरला नाही. चिमणाबाई आणि मी टिकून. त्यांना दुसरी वाट माहीत नाही म्हणून, मी तत्त्वाने.

९ डिसेंबर, संध्याकाळ
कार्यालयात पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. निशिगंधाला बोहल्यावर जोतीरामने आणलं. मामाचा फेटाही त्यालाच. आक्काला विचारलं, माझ्या जागी दुसरा माणूस? ती शांतपणे म्हणाली, "तू रेल्वेनं येणार कळलं, त्याच दिवशी जोतीरामला सांगून ठेवलं."
म्हणजे सगळं आधीच ठरलेलं. आणि तरी मला फोन करून विचारत होती, कुठवर आलास.
कोपऱ्यात बसून जेवलो. संयोगिताने वाढायला बुंदी आणली, तिच्याकडे बघितलं नाही. बुंदी घेतली.
पाठवणीच्या आधी निशिगंधा मला शोधत आली. हिच्याजवळ तरी सगळं बोलायचं ठरवलं होतं. कोणी कसा दगा दिला, क्रमाने. त्याआधी तीच म्हणाली, "मामा, मी मुहूर्त टळू दिला. सगळे रागावले. म्हटलं, अजून एकदा फोन लावून बघते. लागतच नव्हता."
लागणार कसा? गाडी कुठवर आली ते मोबाइलवर बघून बघून मी सकाळीच बॅटरी संपवलेली.
"रेंज नव्हती," म्हणालो.
"मला वाटलंच," म्हणाली, आणि वाकून पाया पडली.