साइट जागी ठेवण्याची ड्यूटी

जबलपूर,
६ नोव्हेंबर २०२४

चि. अक्षत यास विनताआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्या टायपात छापून आलं, भिंग न लावता वाचलं. फोनवर तू नेहमी घाईत उभा असतोस, पत्रात निदान बसलेला वाटतोस. म्हणून हेच चालू ठेव.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी १२ डिसेंबर दिली आहे. उजवा डोळा काचबिंदूने आधीच नेला, तेव्हा आता जे दिसायचं ते या एकावरच. डॉक्टर म्हणाले, आंटीजी, मामूली ऑपरेशन है. त्यांचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, त्यांना मामूली वाटणारच. तू येशील का असं मी विचारत नाही. डिसेंबरात तुझ्या कंपनीत काय काय असतं ते तू मागच्या डिसेंबरातही सांगितलं होतंस.

माझं काम वेगळं आहे. शाळेतून रिटायर झाले तरी फ्रेंच शिकायला मुलं घरी येतात. त्यातली प्रणाली सिहोऱ्याहून बसने येते. तिला फ्रान्सच्या एका कॉलेजला अर्ज करायचा आहे आणि सोबत फ्रेंचमध्ये लांबलचक निबंध जोडायचा आहे. नेमकी तेव्हाच माझ्या डोळ्यावर पट्टी. तर फ्रेंच मजकूर तपासणारी एक साधी साइट करून दे. अट एकच, तपासणी माझ्यासारखी हवी. चुकीखाली लाल रेघ मारायची, बरोबर उत्तर सांगायचं नाही. इतक्या वर्षांत मी कोणाला आयतं उत्तर दिलेलं नाही, यंत्राकडून दिलं जाऊ नये.

कळावे. बाहेरचं कमी खा.

तुझी,
विनताआत्या


पुणे,
१५ नोव्हेंबर २०२४

ती. विनताआत्यास अक्षतचा शिरसाष्टांग नमस्कार.

साइट तयार आहे. दोन रात्री लागल्या, त्यातली एक रंग ठरवण्यात गेली. पानावर एक मोठा चौकोन आहे, त्यात मजकूर टाकायचा आणि खालचं बटण दाबायचं. अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, म्हणजे तुलाही दिसेल. चुका शोधणारा प्रोग्राम आयता मिळाला, पण तो उत्तरंही सांगत सुटतो. त्याचं तोंड बंद करण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. आता तो फक्त लाल रेघ मारतो. चूक नसेल तर हिरव्या अक्षरांत शाबासकी देतो. ती माझी कल्पना. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझ्याकडे फ्रेंच शिकताना मला ती कधी मिळाली नव्हती.

एक सांगून ठेवतो. साइट ज्या सर्व्हरवर चढवली आहे तो फुकटचा आहे. थोडा वेळ कोणी फिरकलं नाही की तो झोपतो. मग जो पहिला येईल त्याला, सर्व्हर उठेपर्यंत मिनिटभर ताटकळावं लागतं. बिघाड समजू नकोस, त्याचा स्वभावच तसा आहे.

बारा तारखेचं बघतो. सोळाला आमचं मोठं काम ग्राहकाकडे जायचं आहे, त्यामुळे नक्की सांगत नाही. ऑपरेशन खरंच साधं असतं, मी व्हिडिओ पाहिला.

आशीर्वाद असू दे.

तुझा,
अक्षत


जबलपूर,
२३ नोव्हेंबर २०२४

चि. अक्षत यास अनेक आशीर्वाद.

साइट पोचली. घरात नवीन काही आलं की ग्वारीघाटावर नर्मदेत दिवा सोडायचा ही आपली रीत. फ्रिजसाठी सोडला होता, साइटसाठीही सोडला. पंडितजींनी विचारलं, किसके नाम से. साइटला गोत्र नाही, म्हणून तुझं नाव सांगितलं.

सर्व्हरचं झोपणं मात्र मला पसंत नाही. प्रणाली बसमधून मजकूर टाकते, हा झोपलेला. तो उठेपर्यंत सिहोऱ्याच्या रस्त्यावर नेटवर्क जातं. म्हणून मी ड्यूट्या लावल्या आहेत. शाळेत जन्मभर दुसऱ्यांच्या लावल्या, हात बसलेला आहे. सकाळी शेजारच्या शर्मिलावहिनी कणीक मळण्याआधी साइट उघडून ठेवतात. दुपारभर मुलं. चारला समोरचे लक्ष्मणराव, ते रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना फ्रेंच येत नाही आणि घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून ते माझ्याकडे येऊन माझ्याच कॉम्प्युटरवर उघडतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, हे काहून झोपून राहिलं, रात्री ड्यूटीवर होतं का. मी त्यांना बोंजूर लिहायला शिकवलं. हिरवी शाबासकी आली. तेव्हापासून ते रोज बोंजूर लिहितात, रोज शाबासकी घेतात आणि आपल्या फ्रेंचमध्ये एकही चूक निघत नाही असं त्यांनी कॉलनीभर सांगितलं आहे.

प्रणालीच्या निबंधावर पहिल्या दिवशी लाल रेघाच रेघा. काय चुकलं ते कळेना, म्हणून ती विचारायला आली. साइटमुळे तिचा प्रवास वाचेल असं वाटलं होतं. पूर्वी आठवड्यातून एकदा यायची, आता दोनदा येते. चहाची पावडर पुरत नाही.

बारा तारीख जवळ आली आहे. रेघ मारून ठेवते.

तुझी,
विनताआत्या


पुणे,
२९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास सा. न.

तुझे सगळे त्रास मी मिटवले आहेत. एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो दर थोड्या वेळाने आपणहून जाऊन सर्व्हरचं दार ठोठावतो. सर्व्हर आता झोपणारच नाही. शर्मिलाकाकूंना आणि लक्ष्मणकाकांना सुट्टी दे. शिवाय लाल रेघेवर बोट ठेवलं की तिथला नियम दिसेल अशी सोय केली. उत्तर नाही, फक्त नियम, म्हणजे तुझी अटही मोडली नाही आणि प्रणालीला यायला नको. पट्टीच्या दिवसांत तुझ्या दारात कोणी येणार नाही, पूर्ण विश्रांती.

बाराला यायचं जमेल असं दिसत नाही. पण काळजी करू नकोस. दवाखान्यात सोबतीला एका एजन्सीच्या बाई ठरवल्या आहेत. त्यांना लोकांनी पाचपैकी पावणेपाच तारे दिलेत.

आशीर्वाद असू दे.

अक्षत


जबलपूर,
३ डिसेंबर २०२४

चि. अक्षत यास आशीर्वाद.

तुझा दार ठोठावणारा प्रोग्राम उत्तम चालतो. मी तपासला. शर्मिलावहिनींना सांगितलं, आता गरज नाही. लक्ष्मणरावांना सांगितलं, ते अच्छा, चलो म्हणाले आणि घरी बसले. चार वाजता सवयीने दोन कप चहा टाकला आणि एक ओतून दिला. प्रणालीचा फोन आला की नियम कळले, आता यायला नको. सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणे झालं.

अक्षत, सर्व्हरचा स्वभाव तू लिहिलास तेव्हाच तो मला ओळखीचा वाटला होता. कोणी फिरकलं नाही की मीही झोपते. दुपारी झोपते, दिवेलागणीलाही झोपते, आणि मग कोणी आलं तर उठायला वेळ लागतो. मला या ऑपरेशनची भीती वाटते. पट्टी काढल्यावर काहीच दिसलं नाही, तर ते मला त्या पावणेपाच ताऱ्यांच्या बाईंसमोर कळायला नको आहे.

मी आपली माझ्या सवयीने रेघा मारत बसले. तुला त्या दिसल्या नाहीत. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा उत्तर लिहून देते. तू ये.

आणि तो प्रोग्राम काढून टाक. लक्ष्मणरावांना मी काय तोंड दाखवू?

तुझी,
विनताआत्या


पुणे,
७ डिसेंबर २०२४

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र आज मिळालं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा उभं राहून वाचवेना.

प्रोग्राम काढला. रेघेखालचे नियम काढले. एजन्सीच्या बाईंना नको म्हणून कळवलं. मॅनेजरला सांगितलं, जबलपूरला एक सर्व्हर आहे, तो जागा ठेवायला मलाच जावं लागेल. आत्याचं ऑपरेशन म्हटल्यावर त्याला जे पटलं नव्हतं ते यावर लगेच पटलं.

अकराला सकाळी पोचतो. हे पत्र कदाचित माझ्या मागून येईल, पण फोनवर सांगितलं असतं तर तू कशाला येतोस म्हणाली असतीस, आणि मी त्यावर पुन्हा विश्वास ठेवला असता.

लक्ष्मणकाकांच्या नंतरची ड्यूटी माझ्या नावावर लाव. परत आल्यावर पुण्याहून उघडेन.

तुझा,
अक्षत


जबलपूर,
६ जानेवारी २०२५

चि. अक्षत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र भिंगाशिवाय आणि साध्या पेनाने लिहिते आहे, तेव्हा डोळ्याचं काय झालं ते वेगळं सांगत नाही.

पट्टी काढून डॉक्टरांनी विचारलं होतं, क्या दिख रहा है, आणि मी म्हटलं होतं की समोर पिकल्या केसांचा कोणी गृहस्थ उभा आहे. तो तू निघालास. इतकी वर्षं तू मला धूसर दिसत होतास, म्हणून मी तुला पंचविशीचाच धरून चालले होते. मग तू रडलास, तेही स्वच्छ दिसलं. डॉक्टरांचा हात चांगला आहे.

प्रणालीचा निबंध एकाही रेघेशिवाय पार पडला आणि काल अर्जासोबत गेला. तरी ती गुरुवारी येणार आहे, कशासाठी ते तिने सांगितलं नाही. लक्ष्मणरावांनी धाडस करून बोंजूरच्या पुढे एक आख्खं वाक्य लिहिलं. लाल रेघ आली. दोन दिवस फिरकले नाहीत, तिसऱ्या दिवशी चारला हजर.

तुझी ड्यूटी त्यांच्या नंतर आणि माझ्या आधी लावली आहे, लक्षात असेलच. काल माझ्या वेळेला उघडलं तर साइट झोपलेली होती. म्हणजे तू आला नव्हतास. काम असेल. मी थांबले मिनिटभर, उठली ती.

आजही थांबेन.

कळावे. लोभ दोन्हीकडे आहेच, तो जागा ठेवावा.

तुझी,
विनताआत्या