विहिरीतली घंटी

४ मार्च, सोमवार

आज परत तेच. विहीर एक नंबर की खुर्ची एक नंबर. मामा (कारखान्यातले जुने फिटर, सगळे त्यांना मामाच म्हणतात) हटत नाहीत, मीही हटत नाही. जेवणाची सुट्टी त्यातच संपली, डबा अर्धा तसाच परत आणला.

नवा सुपरवायझर पाण्याच्या कूलरमागे गेला आणि आमची भिंतीवरची यादी वाचून आला. ‘जळतं जहाज, लोखंडी दार, तीन कावळे, बैलाची कवटी... हे भंगार कधी उचलायचंय?’ मामा गंभीर तोंडाने म्हणाले, साहेब, हे उचलायला दहा वर्षं लागली होती.

त्याला काय सांगणार? नव्वद ते नव्व्याण्णव, या दहा वर्षांतले मेटल म्हणतात त्या आरडाओरडीच्या गाण्यांचे सगळ्यात भारी दहा अल्बम. पत्र्यावर खुणा करायच्या खडूने लिहिलेत. खरी नावं मला लागत नाहीत. सातवीत शाळा सुटली, आणि ती काटेरी अक्षरं शिकलेल्यालाही वाचता येत नाहीत. म्हणून कव्हरवर जे चित्र तेच नाव. दोघांचं एकमत झाल्याशिवाय खडू लावायचा नाही, एवढा एकच नियम. तीन ते दहा ठरायला सात महिने गेले. वरच्या दोन जागा रिकाम्या आहेत — तिथे मामांची विहीर आणि माझी काळी खुर्ची भांडतायत.

कंटाळा आलाय. कशाचा ते कळत नाही. बॅग अजून खाटेखाली भरलेलीच आहे.

५ मार्च, मंगळवार

दिवसभर बिजागऱ्या. गाडीच्या दाराच्या. चौदाशे आठ. डोळे मिटले तरी बिजागऱ्या.

७ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. पहिलं वाक्य — ‘ओरडू नकोस, बाळ झोपलंय.’ मी म्हटलं तुझीच लाइन खराब आहे, तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस. मग नेहमीचं. दोन वर्षांत तिसरी नोकरी, आता तरी एका जागी बूड टेकव. मी म्हटलं, टेकवलंय की, नऊ महिने झाले. तिने लगेच विचारलं, ‘कोण आहे रे तिथे?’

एक म्हातारा आहे म्हटलं.

तिला पटलं नाही. पण खरं तेच आहे. मामा नसते तर दुसऱ्याच महिन्यात सुटलो असतो. पहिल्या दिवशी माझ्या बनियनवरची कवटी बघून त्यांनी लांबूनच दोन बोटांची शिंगं करून दाखवली होती. सत्तावन्नचा माणूस, ग्रीसने माखलेला, हातात दोन फुटी पाना. तरुणपणी ड्रम वाजवायचे. मी ज्या गॅरेजमध्ये ही गाणी शिकलो तिथला मिस्त्री ती कॅसेटवर ऐकायचा. मामांनी ती आली त्या वर्षी, आली त्या आठवड्यात ऐकलीत. ‘तू तेव्हा रांगत होतास,’ म्हणतात. वाद हरायला लागले की हे वाक्य येतं.

१० मार्च, रविवार

सुट्टी. दुपारभर विहीर ऐकली. सोक्षमोक्ष लावायचाच होता.

भांडण आहे ते चौथ्या गाण्याचं. मधेच सगळं थांबतं, गिटार, ड्रम, ओरडणं, सगळं. मग परत फुटतं. माझं म्हणणं, ते भोक आहे. एवढ्या चांगल्या गाण्यात मधेच खड्डा. खुर्चीत असला खड्डा कुठेच नाही. मामा म्हणतात, ‘खड्डा नाही रे गाढवा, घंटी आहे तिथे. लांबून येते. चारदा. चौथी अर्धीच वाजते, जशी कुणी हाताने धरावी. त्या अर्ध्या घंटीसाठी ती एक नंबर.’

फोन स्टीलच्या ग्लासात उभा केला म्हणजे आवाज वाढतो. दहा वेळा लावलं. घंटी-बिंटी काही नाही. म्हाताऱ्याने दुसऱ्याच कुठल्या गाण्यातली घंटी इथे आणून टांगलीय.

लंबू — माझ्या खोलीतला, यार्डात फोर्कलिफ्ट चालवतो — कानावर उशी दाबून पडला होता. ‘खालचा दुकानदार वर येईल आता. गाणं आहे की कुणी भांड्यांची मांडणी पाडली?’ त्याला काय विचारणार, त्याला ड्रम आणि पातेलं यातला फरक कळत नाही.

१३ मार्च, बुधवार

हजेरीच्या खिडकीला कागद लावलाय. प्रेसशॉपमधल्या, म्हणजे आम्हा पत्रा ठोकणाऱ्या सगळ्यांची कान तपासणी, २१ तारखेला. नवा नियम आलाय वरून. जो नापास त्याला प्रेसशॉपमध्ये ठेवणार नाहीत. आणि दुसऱ्या खात्यात जागा नाही, हे सुपरवायझरने तोंडाने सांगितलं. म्हणजे सरळ घर.

मला काय, मी चोवीस वर्षांचा. पोरं हसत होती, एकमेकांच्या कानात टाळ्या वाजवत होती. मामा हसले नाहीत. प्रेसची डाय, म्हणजे साचा, बदलायला निघून गेले.

ते डाय बसवतात तेव्हा बघत राहावं. पाना फिरवून झाला की प्रेसच्या अंगावर तळहात ठेवतात, जशी आई पोराच्या कपाळावर ठेवते. एक ठोका, दोन ठोके. मग मान हलवतात किंवा परत पाना घेतात. कधी चुकत नाहीत. सुपरवायझर मीटर लावून बघतो, तेच निघतं.

जाताना मला म्हणाले, ‘कानात बोळे घालत जा.’ कंपनी देते ते, पिवळे, रबराचे. मी म्हटलं खाजतात. आणि तुम्ही कुठे घालता? म्हणाले, ‘मला काय करायचेत आता.’

१५ मार्च, शुक्रवार

कसं लिहू.

आज कँटीनमध्ये म्हटलं, चला मामा, होऊन जाऊ दे. एक इयरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. चौथं गाणं लावलं, फोन उलटा टेबलावर ठेवला. मामांनी डोळे मिटले. बोटांनी टेबलावर ठेका धरला.

माझ्या कानात खुर्ची वाजत होती. काल रात्रीपासून फोन उलटसुलट गाणी लावतोय, माझ्याकडून कुठलं तरी बटण दाबलं गेलंय. मी सांगणार होतो. पण मामा ठेका देत होते तो खुर्चीचा नव्हता. विहिरीचा होता, चौथ्या गाण्याचा, एक ठोका इकडेतिकडे नाही. मग बोटं थांबली. चेहऱ्यावर असं काहीतरी आलं — आणि एक बोट वर. ‘ही बघ.’ परत वर. परत. चौथ्यांदा अर्धंच.

डोळे उघडून म्हणाले, आता बोल.

माझ्या कानात खुर्ची नुसती कोकलत होती. फाटेस्तोवर.

मी इयरफोनची वायर गुंडाळली. भोंगा झाला.

आता तो तळहात कळला. आणि आमच्या खात्यात कुणाच्या लक्षात का आलं नाही तेही. चाळीस प्रेस एकदम आपटतात तिथे कोण कुणाचं ऐकतं? सगळे ओठांवरून आणि हातांवरून बोलतात. मामा तिथे आमच्याइतकेच बहिरे, आणि आम्ही त्यांच्याइतके.

१६ मार्च, शनिवार

सुटल्यावर मामांना सायकल स्टँडवर गाठलं. समोर उभा राहून नुसतं म्हटलं, ‘काल खुर्ची लागली होती, मामा.’

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. सायकलचं कुलूप काढलं, परत लावलं.

‘चार वर्षं झाली,’ म्हणाले. ‘आधी पाखरं गेली. मग नातीचं बोलणं गेलं. आता ढगासारखं काहीतरी गुडगुडतं, बस.’

गाणी? मी विचारलं.

‘ती कुठे जातायत. आत आहेत की सगळी. खरं सांगू, आतमध्ये आवाज जास्त चांगला येतो.’ आणि हसले. मला हसू आलं नाही.

आठ महिने राहिलेत त्यांचे. आठ महिने काढले की नोकरी पूर्ण, मानाने घरी. २१ तारखेला पकडले गेले की असेच घरी. घरात कुणाला माहीत नाही. मामींना वाटतं म्हातारा हट्टी झालाय, हाक मारली तरी ओ देत नाही. त्यावरून रोज भांडतात म्हणे. ‘भांडते तेही बरंच. ऐकू येत नाही ना.’

मी म्हटलं, बघू काहीतरी.

कशाला म्हटलं? माझी बॅग भरलेली आहे. मला कुणाचं काय पडलंय!

१८ मार्च, सोमवार

कंपनीच्या दवाखान्यात जाऊन आलो, बोट कापल्याचं निमित्त करून. तपासणीची पेटी बघितली, माणूस आत बसेल एवढी. पेटीला काच आहे. सिस्टर मशीन घेऊन काचेकडे तोंड करून बसते. तिच्या पाठीमागे बाक, पुढच्या नंबरवाल्यांचं. बाकावरून तिच्या खांद्यावरून मशीनचा दिवा दिसतो. आवाज सोडला की दिवा लागतो. आणि पेटीतल्या माणसाला काचेतून बाक दिसतं.

मामांना खडूने पत्र्यावर काढून दाखवलं. मग पायाने पुसलं.

१९ मार्च, मंगळवार

बिजागऱ्या. तेराशे नव्वद. लंबू म्हणतो झोपेत मी गुडघ्यावर बोट आपटतो.

२१ मार्च, गुरुवार

झालं.

माझा नंबर आधी होता. पेटीत बसलो, कानाला ते जाड काळं लावलं, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. दाबलं. सिस्टर भलतीच सावकाश. एक सोडते, मग किती वेळ नुसती बसून राहते, मग एक. मधे मी काचेतून बाकावरच्या पोरांकडे बघत बसलो. मशीन जुनं असेल. झालं म्हटल्यावर बाहेर आलो. ती काही बोलली नाही, कागद आठ दिवसांनी, शुक्रवारी.

मग मी परत बाकावर टेकलो, चक्कर आली म्हणून. मामा आत गेले. आंघोळ करून, भांग पाडून आले होते, जसे पोरगी बघायला चाललेत.

दिवा लागला, माझं बोट गुडघ्यावरून वर. मामांनी दाबलं. दिवा, बोट, बटण. दिवा, बोट, बटण. मधली दोन मुद्दाम सोडली, म्हातारा माणूस, सगळं बरोबर आलं तर संशय यायचा. घामाने पँट ओली झाली. दिवा नुसता भराभर लागत होता, मला वाटलं बोट मोडतंय. माझ्या वेळी एवढे आवाज नव्हते. म्हाताऱ्यांना जास्त तपासत असतील.

बाहेर आल्यावर सिस्टर त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, काका, या वयात असे कान! हे तिचे ओठ मला बाकावरून दिसले. मामांनाही दिसले असणार. त्यांनी नमस्कार केला.

खूप दमलोय. चौदाशे बिजागऱ्यांनी दमत नाही इतका.

२२ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत मामांनी मला कूलरमागे ओढलं. खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला. ‘लिही. एक नंबर खुर्ची.’

मी म्हटलं असं नाही हां मामा, उपकार फेडायला नको. एकमत पाहिजे.

‘एकमतच आहे. तू म्हणतोस तेच खरं असणार. बहिऱ्याने कानवाल्याशी किती भांडायचं? तू परवापरवा ऐकलंयस, मी बावीस वर्षांपूर्वी. नसेलच घंटी. माझंच काहीतरी डोक्यात बसलं असेल.’

हे बोलताना ते भिंतीकडे बघत होते. म्हणजे माझं उत्तर त्यांना नकोच होतं. तोंड बघितल्याशिवाय त्यांना उत्तर कळत नाही.

लिहिलं. एक, काळी खुर्ची. दोन, विहीर. यादी पूर्ण. नऊ महिन्यांचं भांडण मिटलं आणि मी जिंकलो. त्यांना मी खडू परत दिला. बारीक तुकडा उरला होता, तो त्यांनी पाण्याच्या डबक्यात टाकला.

आता जेवणाच्या सुट्टीत काय बोलायचं?

जिंकल्यावर असं वाटतं हे माहीत नव्हतं. पाखरं गेली म्हणाले तेच डोक्यात फिरतंय. एखादी गोष्ट बावीस वर्षं जपायची आणि एका दुपारी, नसेलच, म्हणून सोडून द्यायची.

संध्याकाळी बॅग खाटेखालून ओढली. कपडे बाहेर काढून फळीवर लावले. का ते मलाही माहीत नाही. आठ महिने तरी थांबू. म्हाताऱ्याला कुणी हाक मारली तर खांद्याला हात लावायला कुणीतरी पाहिजे.

२४ मार्च, रविवार

दुपारी विहीर लावली, ग्लासात. लंबू दाढी करत होता. चौथं गाणं लागलं. मधला खड्डा आला. तो आरशातूनच म्हणाला, ‘या सगळ्या बोंबाबोंबीत ही घंटी तेवढी बरी आहे बघ तुझी.’

कुठली घंटी म्हटलं.

‘ही काय.’

मी गाणं मागे घेतलं. परत तो खड्डा. म्हटलं, वाजेल तेव्हा बोट वर कर. लंबूने साबणाचं बोट वर केलं. परत केलं. परत. चौथ्यांदा अर्धंच.

मी त्याच्या बोटाकडे बघत होतो.