हेल्मेटचं अस्तर

४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा गणवेशातला फोटो पोचला. मामीचा दहा वेळा बघून झाला तरी परत मागते. पण ते हेल्मेट! अगं, नव्या पातेल्यासारखं चकाकतंय. आग विझवायला निघालीस की मिरवायला?

माझं बघ, भिंतीवर टांगलंय. बत्तीस वर्षांची काजळी, एकदाही फडकं फिरवलेलं नाही. आमच्यात काळं हेल्मेट म्हणजे पदवी. एखाद्याचं फार स्वच्छ दिसलं तर आम्हीच ते धुरकट भिंतीवर घासून द्यायचो. तूही धुऊ नकोस. आतलं अस्तर तेवढं घामानं कुबट होतं, ते घरी नेऊन धुवावं लागतं.

मामीचा खोकला जात नाही. जिना चढताना मध्येच बसते. मी म्हणतो वय झालं, ती म्हणते तुमचं आधी झालं. उद्या डॉक्टरांकडे नेतो आहे. आईला सांग, काळजीचं कारण नाही.

तुझ्यावर जीव आहे हे तुला ठाऊक आहेच,
मामा

२६ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न.

वि. वि. तुमचं पत्र केंद्रात सगळ्यांना ऐटीत वाचून दाखवलं आणि तोंडघशी पडले. परवा गोदामाची आग विझवून आलो तर प्रशिक्षक बाईंनी आम्हाला नळापाशीच उभं केलं. हातमोजे घालून हेल्मेट धुवा, अस्तर आणि मानेवरचा पडदा काढून वेगळ्या मशीनमध्ये टाका, घरी चिंधीसुद्धा न्यायची नाही. मी म्हटलं, माझ्या मामांनी तर बत्तीस वर्षं धुतलं नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जळलेल्या प्लॅस्टिकचं आणि रंगांचं विष त्या काजळीत बसतं, कातडीतून आत जातं, त्यानं कॅन्सरसुद्धा होतो. मग विचारलं, त्यांचं अस्तर कोण धुवायचं?

मामा, मला उत्तर येत होतं. सुटीत यायचे तेव्हा मामी मोरीत बादलीवर वाकलेली असायची. नुसतं तुमचंच नाही, जोडीदारांचीही अस्तरं तुम्ही घेऊन यायचात, तिच्या हाताखाली डाग टिकत नाही म्हणून. पाणी शाईसारखं व्हायचं. हात उघडे.

डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही कळवलं नाहीत, आईलाही नाही. अस्तरांचं त्यांना सांगितलंत का? नसेल तर लगेच सांगा.

उत्तराची वाट बघणारी,
ठिणगी

१९ मार्च

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांच्या कोटाच्या खिशात सापडलं. मला वाचून दाखवताना यांनी निम्मंच वाचलं होतं. माझ्या फुप्फुसात गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे, हेही यांनी तुम्हाला कळवलं नसणार.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सिगारेट ओढता का, कुठल्या कारखान्यात काम केलंय का. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, छे, ही घरीच असते, काही करत नाही. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायची सवय नाही मला.

तुझं पत्र वाचलं आणि एकटी बसनं डॉक्टरांकडे गेले. सहा-सात जणांची अस्तरं, बत्तीस वर्षं, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हणाले, यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण हे आधी सांगायला हवं होतं.

घरी येऊन यांना म्हटलं, ते हेल्मेट बाहेर काढा. यांनी बाल्कनीत नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीवर. म्हणाले, आल्यागेल्याला दाखवायचं असतं.

हे धडधाकट परत येतील ना, एवढीच धास्ती घेत जन्म गेला बघ. पिशवीतून काय घरात येतंय ते पाहिलंच नाही. तू हातमोजे घालतेस ना?

तुझी,
मामी

५ एप्रिल

चि. ठिणगीस आशीर्वाद.

मामी माझ्याशी बोलत नाही. औषध संपलं की रिकामी पट्टी टेबलावर ठेवते, तेवढंच. तू तिला लिही की जाणकारांना विचारलं, धुण्याचा आणि आजाराचा काडीचा संबंध नाही. तुझं ती ऐकेल. मला तरी कुठे माहीत होतं? आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुझ्या पत्रानं हे सगळं झालं, आता तूच निस्तर.

मामा

११ एप्रिल

ती. मामांना नमस्कार.

तीन कागद फाडले. ते वाक्य माझ्याच्यानं लिहवत नाही.

तुम्हाला माहीत नव्हतं हे खरं आहे, आणि त्याचा दोष मामी तुम्हाला देतही नाही. तिला बोचतंय ते वेगळंच. डॉक्टरांपुढे तुम्ही म्हणालात की ती काही करत नाही. ते शब्द मागे घ्याल म्हणून तिनं दोन महिने वाट पाहिली, असं तिनं आईला फोनवर सांगितलं. तुम्ही मात्र मला खोटं लिहायला सांगताय.

शनिवारी मी मामीला न्यायला येते. तिनंच बोलावलंय. आईनं पुढची खोली रिकामी केली आहे, उपचार इथंच होतील. तुम्हालाही आणू या असा आईनं हट्ट धरला होता, मामीनं नको म्हटलं.

तिचे रिपोर्ट, चष्मा आणि औषधं एका पिशवीत भरून ठेवा. कपडे ती स्वतः भरेल. त्यांना तुम्ही हात लावायचा नाही, असं तिनं सांगितलंय.

कळावे.
भाची